मधली जागा

गेल्या वर्षी धनत्रयोदशीच्या सकाळी आमच्या दाराशी एक टेम्पो थांबला आणि त्यातून एकामागून एक सहा खोकी उतरली. घरात चकल्यांचा घाणा चालू होता. पत्नीने स्वयंपाकघराच्या दारातून डोकावून विचारले, "एवढं काय आणलंय?" चिरंजीव हसत म्हणाले, "आई, होम थिएटर!" कढईकडे परत वळता वळता ती एवढेच म्हणाली, "थिएटर ठेवायला जागा कुठंय?"

प्रश्न व्यवहाराचा होता. परंतु त्या दिवाळीत आमच्या घरी जो तंटा झाला त्याचे मूळ नेमके याच प्रश्नात होते, हे मला चार दिवसांनी कळले. खरे म्हणजे तीस वर्षांनी कळले.

तंटा तसा साधा होता. माझ्याकडे तीस वर्षांपूर्वी घेतलेले दोन स्पीकर आहेत. घरातला फ्रीज बदलायचा सोडून मी ते घेतले होते, आणि त्याबद्दल जे ऐकून घ्यायचे ते ऐकूनही घेतले होते. चिरंजीवांचे म्हणणे असे पडले की हे दोन म्हातारे आता निवृत्त करावेत; सिनेमा काय आणि गाणे काय, यापुढे सारे नव्या संचावर ऐकावे. माझे म्हणणे असे की सिनेमा खुशाल पाहा, विमाने डोक्यावरून जाऊ द्या, पाऊस पाठीमागे पडू द्या. पण गाणे मात्र दोनच स्पीकरांवर ऐकायचे. गाणाऱ्याला आपण समोर बसवतो, आपल्याभोवती पसरून ठेवत नाही.

ज्यांच्या घरी हे प्रकरण अजून आलेले नाही त्यांच्यासाठी थोडे सांगतो. या संचात पाच स्पीकर असतात: दोन समोर डावी-उजवीकडे, एक त्यांच्या मध्ये, आणि दोन आपल्या बाजूंना, किंचित मागे. सहावे एक मोठे खोके असते, पण हिशेबात त्याला एक दशांश धरतात, आणि सगळ्या संचाला 'पाच पूर्णांक एक' म्हणतात. कारण या सहाव्याच्या वाट्याला फक्त खर्जातले, सुमारे १२० हर्ट्झच्या खालचे, ध्वनी येतात. वजनाने मात्र तेच सगळ्यांत भारी. इतक्या खालचे ध्वनी नेमके कोठून येतात हे कानाला नीटसे ओळखता येत नाही, म्हणून ते कोपऱ्यात ठेवले तरी चालते. आमच्याकडे ते कोपऱ्यात गेले, आणि तासाभरात त्यावर चिवड्याचा डबा आला. डग्ग्याचा पहिला घुमारा निघाला तेव्हा डब्याचे झाकण असे काही खडखडले, की नातीने टाळ्याच पिटल्या.

आता माझ्या दोन स्पीकरांविषयी. त्यांवर गाणे ऐकण्याचेही एक शास्त्र आहे. दोन स्पीकर आणि ऐकणारा यांचा समभुज त्रिकोण करावा लागतो. माझे स्पीकर एकमेकांपासून सात फुटांवर आहेत, आणि दोघांपासूनही बरोबर सात फुटांवर माझी वेताची खुर्ची. तिच्या पायांपाशी फरशीवर मी खडूच्या खुणा करून ठेवल्या होत्या. फरशी पुसताना त्या पुसल्या जात, आणि मी पुन्हा करी. त्या जागी बसून डोळे मिटले की एक नवल घडते. गायकाचा आवाज दोन्ही स्पीकरांतून एकाच क्षणी आणि सारखाच निघालेला असतो. तो दोन्ही कानांशी सारखाच पोचतो. आणि कान अशी समजूत करून घेतो की हा माणूस बरोबर मध्ये बसला आहे. तबला त्याच्या एका बाजूला, पेटी दुसऱ्या. खुर्ची एक फूट डावीकडे सरकवा, की डाव्या स्पीकरचा आवाज सुमारे एक मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा एक हजारांश भाग, आधी पोचू लागतो. एवढ्यावरून कान आपला निकाल फिरवतो, आणि गायक उठून डाव्या खोक्यात जाऊन बसतो. हेल्मुट हास नावाच्या जर्मन संशोधकाने १९४९ साली ग्योटिंगेनला यावर प्रबंध लिहिला. अगदी थोड्या अंतराने पाठोपाठ आलेले दोन सारखे आवाज कान वेगवेगळे ऐकत नाही. पहिला ज्या दिशेने आला तिकडूनच सारे आले असे धरून चालतो. जो आधी बोलला त्याचे खरे, हा न्याय केवळ चावडीवरच नसतो, कानातही असतो.

या मधल्या जागेला शौकीन लोक 'स्वीट स्पॉट' म्हणतात. ती फार तर एका माणसाच्या खांद्यांएवढी रुंद असते आणि एका खोलीत एकच असते. आमच्या घरी तीस वर्षे ती माझी होती. ती मला कोणी दिली नव्हती. मी तिथे बसलो होतो, एवढेच.

नरकचतुर्दशीला पहाटे अभ्यंगस्नान आटोपले, मुलांचे फटाके उडवून झाले, आणि चिरंजीवांनी आपला खटला पुढे चालवला. माझ्याच संग्रहातली एका मैफलीची ध्वनिमुद्रिका त्यांनी नव्या संचावर लावली. मूळ मुद्रण दोनच वाटांचे. पण त्या दोन वाटांतून काही ध्वनी निवडून मागच्या स्पीकरांकडे पाठवण्याची युक्ती या यंत्रात असते. मी माझ्या खुर्चीत बसलो होतो. तानपुऱ्यांचा झंकार माझ्या पाठीमागून येऊ लागला. गायकाचा आवाज समोर होता खरा, पण त्याच्या घुमाऱ्याची एक शाल माझ्या खांद्यांवर पडली होती. श्रोत्यांची दाद कानामागे उमटली तेव्हा तर मी दचकून वळून पाहिले.

चिरंजीवांनी विचारले, "कसं वाटलं?"

मी म्हणालो, "छान वाटलं, आणि तेच मला आवडलं नाही."

ते हसले, पण मी थट्टा करीत नव्हतो. आपल्याकडच्या बैठकीत दोन तानपुरे असतात आणि ते गायकाच्या पाठीमागे बसलेले असतात. एका हाताला तबला, दुसऱ्या हाताला पेटी, मागे तानपुरे. सुरांच्या या घरट्यात मध्यभागी जो बसतो तो गाणारा. ती जागा त्याने वर्षानुवर्षांच्या रियाजाने मिळवलेली असते. श्रोत्याचे स्थान त्या घरट्याबाहेर, समोर, सतरंजीवर. तानपुरा माझ्या पाठीमागे वाजू लागला याचा अर्थ मला न विचारता कोणीतरी उचलून गायकाच्या आसनावर बसवले. ज्याला साधा षड्ज धड लागत नाही त्याला हा मान कशासाठी? समोर बसण्यात एक अंतर आहे, आणि त्या अंतरात आदर आहे. देवळात आपण गाभाऱ्यासमोर उभे राहतो, गाभाऱ्यात जाऊन बसत नाही. सगळीकडून वेढून टाकणारे सुख मिळाले की ऐकण्याचे कष्ट संपतात, आणि गाणे गरम पाण्याच्या घंगाळासारखे होते. अंग सुखावते, पण आपण कोणाकडे पाहत नसतो.

असे बरेच काही मी त्या सकाळी बोललो. अनारसे खात खात बोललो, त्यामुळे रसवंती चांगली चालली होती. चिरंजीवांनी सारे ऐकून घेतले आणि मग एकच प्रश्न केला.

"बाबा, तुमच्या दोन स्पीकरांच्या मध्ये तरी गायक कुठं बसलाय? तिथं तर भिंत आहे."

या प्रश्नाने मी दोन दिवस बेचैन होतो. कारण प्रश्न खरा होता. माझ्या समोरचा तो गायक म्हणजे निव्वळ भास. मी ज्याला सत्य म्हणत होतो तीही एक युक्तीच, फक्त तिच्याशी माझी ओळख जुनी. लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी या युक्तीची वंशावळ आठवत बसलो. १८८१ साली पॅरिसच्या विद्युत प्रदर्शनात क्लेमां आदेर याने ऑपेरागृहातले गाणे टेलिफोनच्या तारेने दुसरीकडे नेले होते. लोक दोन कानांना दोन कर्णे लावून ते ऐकत, आणि गाणारे रंगभूमीवर हलतात तसे ते हललेले त्यांना जाणवे. पुढे १९३१ साली अ‍ॅलन ब्लमलाइन हा इंग्रज अभियंता आपल्या भावी पत्नीबरोबर सिनेमा पाहायला गेला होता. असे सांगतात की पडद्यावरचा नट एका टोकाला आणि त्याचा आवाज भलत्याच ठिकाणाहून, हे पाहून तो अस्वस्थ झाला. आवाज माणसाच्या मागोमाग चालवण्याची युक्ती मला सापडली आहे, असे त्याने शेजारी बसलेल्या तिला सांगितले. त्याच वर्षी डिसेंबरात त्याने पेटंटसाठी अर्ज केला. १९४२ मध्ये रडारची चाचणी चालू असताना विमान पडून तो गेला. दोन वाटांच्या तबकड्या बाजारात सर्रास मिळू लागल्या त्या १९५८ पासून. त्या पाहायला तो नव्हता.

म्हणजे माझे सोवळे दोन स्पीकर, ज्यांना मी सिनेमाचा विटाळ होऊ देत नव्हतो, ते मुळात एका सिनेमागृहातच सुचलेले! मला हसू आले. आणि पाच स्पीकरांचा हा घाटही काही परवाचा नाही. वॉल्ट डिस्नेने 'फॅन्टेशिया' हा चित्रपट १९४० साली काढला तेव्हा त्यातले संगीत प्रेक्षकांच्या सभोवार वाजावे म्हणून निराळी यंत्रणाच उभारली होती. १९७० नंतर घरोघर चार स्पीकर बसवण्याची टूम निघाली. पण प्रत्येक कंपनीची पद्धत वेगळी, एकीची तबकडी दुसरीच्या यंत्रावर नीट वाजेना, आणि दहा वर्षांच्या आत ती टूम मावळली. संगीताला जे साधले नाही ते पुढे सिनेमाने साधले, आणि त्याच्या पाठीवर बसून हे स्पीकर आपल्या दिवाणखान्यात आले.

मागे गेले तर याच्याही पलीकडे जावे लागते. १९०२ साली कलकत्त्यात गौहरजान यांचे गाणे मुद्रित झाले तेव्हा मायक्रोफोनही नव्हता. एका कर्ण्यात तोंड घालून गायचे, आणि तीन मिनिटांत राग संपवायचा. त्या तबकडीत डावे नाही, उजवे नाही. तरी ती ऐकताना अंगावर काटा येतो. मग खरेपणा कशात आहे? एका वाटेत, दोन वाटांत, की पाच?

आणि प्रत्यक्षातले गाणे तरी केवळ समोरून कोठे येते? व्हिएन्नाला म्युझिकफेराइन नावाचे सभागृह आहे, १८७० साली उघडलेले. त्याची ख्याती जगभर आहे. ते अरुंद आहे, आणि बाजूंच्या भिंतींवरून परतून येणारा आवाज श्रोत्याला दोन्ही अंगांनी वेढतो. पुढे शास्त्रज्ञांनी दाखवले की सभागृहातले सुख बरेचसे या बाजूंनी येणाऱ्या आवाजातच असते. वेढले जाणे म्हणजे लगेच अनादर, असे मानायला जागा राहिली नाही. मला आमच्या लहानपणच्या गणपतीतल्या आरत्या आठवल्या. टाळ, झांजा, टाळ्या, घंटा, सगळीकडून आवाज. तिथे मधली जागा नसते. जो जिथे उभा असेल तिथे त्याला आरती पुरी ऐकू येते, आणि तो स्वतः दुसऱ्या कोणाच्या तरी मागून येणारा आवाज असतो.

मग बैठकीचे काय? बैठकीत मी समोर बसतो हे खरे. पण माझ्या शेजारी, माझ्या मागे माणसे असतात. अवघड जागेवरून गायक समेवर येतो तेव्हा समोरून सम येते आणि मागून 'वा!' येते. उजवीकडचा अनोळखी गृहस्थ मांडीवर थाप मारतो. डावीकडे कोणी उसासा टाकतो. म्हणजे बैठकीतही मी वेढलेलाच असतो, फक्त गाण्याने नव्हे, गाणे ऐकणाऱ्यांनी. नरकचतुर्दशीला ज्या आवाजाने मी दचकलो ती त्या माणसांची दाद होती. मागचे दोन स्पीकर घरी बैठकीतल्या त्या माणसांच्या जागा भरून काढायला आलेले होते. आणि मी दचकलो याचे कारण, तीस वर्षांत माझ्या पाठीमागे कोणी असण्याची मला सवयच उरली नव्हती.

हा विचार मला आवडला होता. आता चिरंजीवांना हे चांगल्या शब्दांत सांगावे, थोडी हार मानावी, थोडी जीत घ्यावी, अशा बेतात मी होतो. पण त्या विचारातली एक गोष्ट माझ्या नजरेतून सुटली होती. ती भाऊबीजेला कळली.

भाऊबीजेला धाकटी बहीण, तिचे यजमान, मुले-नातवंडे अशी मंडळी आली. बाहेरच्या खोलीत अकरा माणसे. मेहुण्यांना अर्थातच माझी खुर्ची दिली. बाकीचे दिवाणावर, सतरंजीवर, भिंतीला टेकून. ओवाळणे झाले, फराळाच्या बशा फिरल्या, आणि बहीण म्हणाली, "दादा, काहीतरी गाणं लाव ना." मी तीच मैफल लावायला सांगितली. चिरंजीव म्हणाले, "बाबा, एवढी माणसं आहेत, सगळीकडून लावतो." माझ्या होकाराची वाट न पाहता त्यांनी बटण दाबले. ही पद्धत अगदीच ढोबळ आहे. डावीकडचे सारे स्पीकर डावी वाट वाजवतात, उजवीकडचे उजवी, आणि मधला दोन्ही वाटा मिसळून वाजवतो. जाणकार तिला नाके मुरडतात. त्या दिवशी मीही मुरडले.

पत्नी स्वयंपाकघराच्या दाराशी आपल्या मोड्यावर बसली होती. ती नेहमी तिथेच बसते. तिथून कुकरच्या शिट्ट्या मोजता येतात आणि गॅसकडे लक्ष राहते. विलंबित संपून द्रुत सुरू झाला होता. ती एकाएकी म्हणाली, "अहो, पेटी काय सुंदर आहे हो यात!"

मी म्हणालो, "अगं, ही मैफल आपण पन्नास वेळा तरी ऐकली असेल."

"तुम्ही ऐकलीत," ती म्हणाली. "मला इथं तबलाच ऐकू यायचा. पेटी आहे एवढं कळायचं, पण काय वाजवतोय ते कधी समजलं नाही."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. हातात बशांचा ट्रे होता, आणि ती लगेच उठून आत गेलीही. बहीण तिच्या नातवाला काहीतरी भरवत होती. कोणाच्या लक्षातही आले नाही. मी मात्र दिवाणाच्या कडेवर बसून मनातल्या मनात फूट मोजू लागलो. तिचा मोडा डाव्या स्पीकरपासून चार फुटांवर, उजव्यापासून नऊ. त्या मुद्रणात तबला डावीकडे आणि पेटी उजवीकडे. हासच्या नियमाप्रमाणे गायकाचा आवाज तिच्यासाठी डाव्या खोक्यात कोंडला जाणार, तबला कानाशी, आणि पेटी नऊ फुटांवर, तबल्याच्या खाली दबलेली. आज मधल्या स्पीकरने ती पेटी प्रथमच तिच्यापर्यंत आणली होती. हे सारे गणित मला तीस वर्षे येत होते. ते मी एकाच खुर्चीपुरते मांडले होते.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. लग्नापूर्वी ती सहा वर्षे पेटी शिकत होती. तिच्या माहेरी पेटी होती, हात चांगला होता असे तिचे थोरले भाऊ सांगत. लग्नानंतर आमचे बिऱ्हाड दोन खोल्यांचे. पेटी आणायची म्हटले तर ठेवायला जागा नव्हती. पुढे मोठे घर झाले. त्या घरात दोन स्पीकर आले.

आमच्या लहानपणी घरात पंगती उठत. आधी पुरुष, मग मुले, आणि शेवटी बायका. पुरणपोळी तोवर गार झालेली असे, आणि कटाच्या आमटीतले खोबरे संपलेले असे. मोठा झाल्यावर मी यावर वडिलांशी भांडलो होतो. स्वतःच्या घरात मी पहिल्या दिवसापासून सगळ्यांनी एकत्र बसायचे असा नियम केला आणि त्याचा मला अभिमान होता. मात्र त्याच घरातल्या दुसऱ्या खोलीत मी रोज सकाळी पहिल्या पंगतीला एकटाच बसत होतो, आणि तिला गार झालेले वाढत होतो. वडिलांना निदान ठाऊक तरी होते की बायका नंतर जेवतात. मी समजत होतो की आम्ही दोघे मिळून गाणे ऐकतो.

वडिलांच्या घरी फळीवर एक रेडिओ होता. एकच स्पीकर, एकाच खोक्यात. त्याच्या आवाजात खरखर होती. पण त्या खोलीत जो जिथे बसेल त्याला सारखेच गाणे मिळे, आणि पेटी कोणाच्या वाट्याला आली नाही असे होत नसे. आवाज जसजसा सुधारत गेला तसतशी खोलीतली एक जागा इतरांहून चांगली होत गेली. तिथे कोणी बसायचे हे यंत्र ठरवत नाही. ते घरातल्या चालीने ठरते, आणि चाल कोणाच्या सोयीची असते हे आपल्याला ठाऊक आहे.

एवढ्यावरून मी पाच स्पीकरांचा भक्त झालो असे कोणी समजू नये. खोटे कशाला बोलू? त्या ढोबळ पद्धतीत गाणे पातळ होते. गायक समोर बसत नाही, तो खोलीभर सांडतो. तानेतला एकेक दाणा जो माझ्या खुर्चीत सुटा दिसे तो तिथे दुसऱ्यात मिसळतो. एकाला उत्तम मिळावे की अकरांना बरे मिळावे, हा प्रश्न सोपा नाही. अकरांसाठी म्हणून उत्तम सोडून देणे हा नेहमीच मोठेपणा नसतो; सगळ्यांना सारखे मिळावे म्हणून सगळ्यांनाच पाणचट देणारी घरे आणि संस्था मी पाहिल्या आहेत. गायकाशीही आपले काही देणे लागते. त्याने जे कमावले ते जसेच्या तसे कोणीतरी, कधीतरी, नीट ऐकले पाहिजे. हे मी भाऊबीजेपूर्वी मानत होतो आणि आजही मानतो.

पण त्या 'कोणीतरी'च्या जागी नेहमी मीच का, या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. मी त्याला निष्ठा म्हणत होतो. गाण्यावर माझी निष्ठा होती हे खरे. परंतु त्या निष्ठेची किंमत कोण भरत होते याचा हिशेब मी ठेवला नव्हता. ज्या निष्ठेचा खर्च दुसऱ्याच्या खात्यावर पडतो ती निष्ठा फार सोपी असते. स्पीकर दोन असावेत की पाच यावर चार दिवस मी वाद घातला. मागच्या स्पीकरांतून कृत्रिम श्रोते येतात म्हणून नाक मुरडले, बैठकीतल्या माणसांची आठवण काढून गहिवरलो. आणि एक खरा श्रोता चार पावलांवर मोड्यावर बसलेला होता.

पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी मी जुने दोन स्पीकर पुन्हा जोडले. पत्नीला म्हणालो, "ये, इथं बस."

"कशाला? भाजी टाकायचीय."

"भाजी मी बघतो."

तिने माझ्याकडे जरा संशयानेच पाहिले आणि ती वेताच्या खुर्चीत बसली. मी तिच्या मोड्यावर. तीच मैफल लावली. मला काय ऐकू आले ते सांगतो. डाव्या कानाशी तबला, त्यातच कोंबलेला गायक, दूर कोठेतरी पेटीसारखे काही, आणि या सर्वांहून स्पष्ट अशी शेजारच्या शेगडीवरची फोडणी. तिला काय ऐकू आले ते ती बोलली नाही. तिने डोळे मिटले नव्हते. ती समोर, बरोबर मध्ये, जिथे भिंत आहे तिथे पाहत होती. थोड्या वेळाने तिच्या उजव्या हाताची बोटे खुर्चीच्या हातावर हलू लागली. नुसता ताल नव्हता तो. बोटे स्वर शोधत होती. वीसेक मिनिटे गेली असतील.

मग ती उठली. "भाजी खाली लागली," म्हणाली. खरोखरच लागली होती. मला वासही आला नव्हता. आत जाता जाता तिने खुर्चीकडे वळून पाहिले. "एवढं सगळं ऐकू येतं होय इथून?"

मी काही बोललो नाही.

आता आमच्या घरी एक साधी व्यवस्था झाली आहे. एकट्याने ऐकायचे असेल तर दोन स्पीकर. चार माणसे असली तर पाच. त्यात गाणे थोडे पातळ झाले तर होऊ द्यावे. शेजारच्या माणसाची दाद ते थोडेसे घट्ट करते. वेताची खुर्ची कोणाच्या मालकीची नाही. आधी येईल तो बसतो, आणि सकाळी बहुधा मी आधी येत नाही, कारण भाजी माझ्याकडे आहे. फरशीवरच्या खुणा मी पुन्हा केल्या नाहीत; आता त्या नात करते, आणि बरोबर करते. लग्नात जिला जागा नव्हती ती पेटी गुढीपाडव्याच्या सुमारास तिच्या भाच्याने आणून दिली. भाता फाटला होता. तो दुरुस्त करून घेतला. ती मोठ्या स्पीकरच्या शेजारीच ठेवली आहे. चिवड्याचा डबा यंदा कोठे ठेवायचा हा प्रश्न आहे, पण तो सुटेल.

वाचक हो, या दिवाळीत तुमच्याही घरी अशी खोकी येतील, किंवा आलेली असतील. त्यांबरोबर येणाऱ्या पुस्तिकेत स्पीकर कोणत्या कोनात आणि किती अंतरावर ठेवावेत हे सविस्तर दिलेले असते. ते जरूर वाचा. फक्त खिळे ठोकण्यापूर्वी एकदा घरातल्या प्रत्येकाच्या नेहमीच्या जागेवर जाऊन पाच मिनिटे बसा, आणि तिथून काय ऐकू येते ते ऐका. मी ते तीस वर्षांनी ऐकले.